शेऱ्याचा रकाना

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ ऑगस्ट २००२

अमरेश,

खुशाली विचारत नाही आणि सांगतही नाही. ईमेल करता आला असता, पण तो तू अर्धा वाचून उडवला असतास. म्हणून कागदावर लिहितेय.

शनिवारी कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरींना वेब पानावरचं टेबल शिकवत होते. टीआर म्हणजे आडवी ओळ, टीडी म्हणजे ओळीतलं एक घर, टीएच म्हणजे वरचं ठळक मथळ्याचं घर. तू कबनूरच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीत मला शिकवलंस, तसंच शिकवते. भाजीचे दर आणि क्रिकेटचा स्कोअर मांडून पोरी कंटाळल्या होत्या. एकजण म्हणाली, "मॅडम, खरंखुरं टेबल दावा की." दुसरी म्हणाली, "आमच्या समाजाच्या मंडळाची साइट निघालिया, वधू-वराची. त्यात लई मोठं टेबल हाय."

मी नेट लावलं. पान हळूहळू उघडलं. वर 'मुली' असं लिहिलेलं. नाव, वय, उंची, रंग, शिक्षण, पोटजात, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. पोरी एकेक शेरा मोठ्यानं वाचायला लागल्या. 'मंगळ.' 'जाड चष्मा.' 'सावळी पण शिकलेली.' 'वडील नाहीत.' मग एकीनं वाचलं, "कु. सुष्मिता शिवाप्पा पट्टणशेट्टी. शेरा, कोड. एकदा मोडले." वाचणारीला माहीत नव्हतं ती माझी सख्खी बहीण आहे. ती पुढची ओळ वाचायला लागली. मी खडू हातात धरून उभी होते.

आक्काच्या मनगटावर रुपयाएवढा डाग आहे. तेवढ्यावर दोन वर्षांपूर्वी साखरपुडा मोडला. ते घरात आम्ही अजून मोठ्यानं बोलत नाही. आणि आता ते कुठल्याही नेट कॅफेत तासाचं भाडं देऊन कुणीही वाचू शकतं.

मग मुलग्यांचं टेबल उघडलं. नाव, शिक्षण, नोकरी, पगार, अपेक्षा. अपेक्षा काय, तर गोरी, सडपातळ, घरकामाची आवड असणारी. शेऱ्याचा रकानाच नाही. समाजातल्या एकाही मुलग्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पोरी गेल्यावर मी पानाचा एचटीएमएल कोड उघडून पाहिला. सेलपॅडिंग, म्हणजे घराच्या आतली मोकळी जागा, सात. लोक पाच घेतात, नाहीतर दहा. सात फक्त तू घेतोस, मला शिकवतानाही घेतलेलंस. मुलींच्या ओळी आलटून पालटून गुलाबी, मुलग्यांच्या निळ्या. अध्यक्ष तुझे वडील, म्हणजे आमचे महांतेश मामा, आणि टेबल तू केलेलं.

हे पत्र मिळेल त्या दिवशी आक्काची ओळ काढ. पासवर्ड तुझ्याकडेच असणार.

शांभवी


बेंगळुरू
२१ ऑगस्ट २००२

शांभवी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इथं ऑफिसात मान वर काढायला वेळ नाही, तरी उत्तर देतोय.

साइट मी केली, खरं आहे. अप्पांनी सांगितलं म्हणून केली. माहिती मंडळाचे सेक्रेटरी बाळासो काकांनी दिली. टेबल हे दाखवायचं साधन आहे. आत काय भरायचं ते ज्याची माहिती त्यानं ठरवायचं. तू स्वतः शिकवतेस, तुला हे कळायला पाहिजे.

मंडळाची छापील पुस्तिका आपल्या लहानपणापासून निघते. तिच्यात हाच शेरा असतो. ती दरवर्षी तुमच्या घरी येते. तेव्हा तू कुणाला पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही. स्क्रीनवर आलं म्हणून एकदम पाप झालं का?

आणि राग येईल, तरी विचारतो. कोड आहे हे खोटं आहे का? मागच्या वेळी लपवलं म्हणूनच मोडलं ना? अप्पा म्हणतात, आधीच लिहिलेलं बरं, नंतर फसवलं म्हणून कुणी बोलत नाही.

अप्पांना विचारल्याशिवाय ओळ काढता येणार नाही. दसऱ्यानंतर मेळावा आहे, त्यात विषय काढू. आत्याला नमस्कार सांग.

अमरेश


राजारामपुरी, कोल्हापूर
४ सप्टेंबर २००२

अमरेश,

तुझ्या त्या साधनानं काय केलं ते ऐक.

इचलकरंजीतल्या कुठल्यातरी कॅफेत कुणीतरी ते पान छापून घेतलं आणि तो कागद कबनूरला पोचला. आक्का शाळेत दुसरीला शिकवते. तिचा हात वर्गाला रोज दिसतो. पोरं विचारायची, "बाई, हे काय?" आणि ती सांगायची, "माझ्या कातडीचा रंग तिथं गेलाय, दुखत न्हाय." पोरांचं समाधान व्हायचं. पण छापून आल्यावर तोच डाग आजार झाला. मागच्या सोमवारी एका मुलाची आई तो कागद घेऊन शाळेत आली. म्हणाली, "ह्या बाईच्या हातची वही माझ्या पोराला नगं." मुलाला दुसऱ्या शाळेत घातलं. हेडमास्तरांनी आक्काला बोलावून सांगितलं, संसर्गजन्य नाही असा डॉक्टरांचा दाखला आणा, तोवर वर्गावर जाऊ नका. ती आता ऑफिसात बसून खिचडीच्या तांदळाची नोंद करते.

घरी अव्वा, तुझी आत्या, रडते. आमचे अप्पा दुकानातून जेवायला घरी येत नाहीत. आक्का रोज ठरल्या वेळी शाळेत जाते आणि तांदळाचे आकडे लिहून परत येते. ते मला सगळ्यात वाईट वाटतं.

मेळाव्यापर्यंत थांब म्हणतोस. मी थांबले नाही. एसटीडी बूथवरून तुझ्या कंपनीत फोन लावला. म्हटलं तोंडावर बोलू. तिथल्या बाईनं सांगितलं की अमरेश मार्चमध्येच गेला, त्याच्याबरोबर अख्खा मजला गेला. मी तिला पुन्हा नाव सांगितलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

मग मी तुझ्या मुलग्यांच्या टेबलात तुझी ओळ शोधली. 'चि. अमरेश महांतेश. बी.ई. सॉफ्टवेअर इंजिनिअर, बेंगळुरू. पगार बावीस हजार. अपेक्षा, गोरी, पदवीधर, नोकरी न करणारी.' साइट जूनमध्ये लागली. म्हणजे नोकरी गेल्यावर तीन महिन्यांनी तू हे तुझ्या हातानं टाइप केलंस.

नोकरी जाण्यात लाज नाही. यंदा किती पोरं परत आली ते मला माहीत आहे, क्लासच्या बाहेर उभी असतात. पण मागच्या पत्रात तू मला विचारलंस, कोड आहे हे खोटं आहे का. तेच वाक्य मी तुला परत करते. तुझ्या ओळीतलं कुठलं घर खरं आहे?

मेळाव्याच्या आत आक्काची ओळ गेली नाही, तर मी तिथं उभी राहून मामांच्या समोर तुझा शेरा वाचेन.

शांभवी


बेंगळुरू
१२ सप्टेंबर २००२

शांभवी,

ओळ काढली. आज दुपारी कॅफेत बसून काढली. बघून घे.

माझ्या जुन्या ऑफिसला फोन करायचा तुला काही अधिकार नव्हता. इथं काय झालं ते तुला माहीत नाही. एका सकाळी आमची कार्डं दाराला चालेनात. वॉचमननं पिशवीत भरून आमचे चहाचे मग दिले. गेले सहा महिने मी कमरेला पट्टा, पायात बूट घालून रोज बाहेर पडतो, कारण खालचे घरमालक विचारतात. अप्पा समाजात सगळ्यांना सांगतात, आमचा अमरेश बेंगळुरूला. ते थांबवायला मी काय बोलू?

तू आक्काच्या बाजूनं भांडतेस, भांड. पण माझं अप्पांना सांगू नकोस. आई मुली बघतेय. मी सांगेन, माझ्या वेळेनं.

आता तरी मला सोड.

अमरेश


कबनूर
२१ सप्टेंबर २००२

अमरेश,

मी सुष्मिता. शांभवीनं तुझी दोन्ही पत्रं आणून माझ्या पुढ्यात टाकली, आणि स्वतः काय लिहिलं तेही सांगितलं. ती फार खुशीत होती. म्हणाली, "आक्का, ओळ गेली." मी तिच्यावर ओरडले. ती रडत कोल्हापूरच्या एसटीत बसली. आता तुझी पाळी.

ओळ काढा म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं? एकानं लावली, एकीनं काढायला लावली. मधे मला कुणी विचारलं?

कोडाचं मंडळाला मीच सांगितलं. मागच्या वेळी आमच्या अप्पांनी मला रुंद पट्ट्याचं घड्याळ आणून दिलं होतं. साखरपुड्यात ते मी घामानं भिजेपर्यंत घालून बसले. जेवताना मुलाच्या मावशीनं ते काढायला लावलं. त्या दिवशी सगळ्यांदेखत आमच्या अप्पांनी हात जोडले. मी तेव्हाच ठरवलं, परत लपवायचं नाही. म्हणून मार्चअखेर मी स्वतः मंडळात गेले. बाळासो काकांच्या समोर बसून सांगितलं आणि त्यांनी माझ्या समोर लिहून घेतलं. शेऱ्यात लिहा असं मी म्हटलं नव्हतं. अपेक्षा म्हणून सांगितलं होतं. माझे शब्द असे होते: "माझ्या मनगटावर कोड आहे. ते आधी पाहून, ज्याला खरंच काही वाटत नाही त्यानंच यावं. लग्नानंतर मी शाळा सोडणार नाही."

हे मी तीन दिवस मनात जुळवत होते. अमरेश, त्यातला एक शब्द तुमच्या साइटवर आला. 'कोड.' बाकीचं कुठं गेलं? मुलींच्या टेबलात अपेक्षेचा रकानाच का नाही?

शांभवीला वाटतं तू माझी बदनामी केलीस. तुला वाटतं तू खरं ते छापलंस. तुम्ही दोघंही माझ्याकडं बघत नाही. मला डागाची लाज नाही. मी जे मागितलं ते कुणीतरी पुसलं, त्याचा मला राग आहे. आणि तू आता ओळही काढलीस. म्हणजे मागणारी पण गेली.

ह्याचं उत्तर शांभवीला देऊ नकोस, मला दे. आणि ऑफिसात कामाचा डोंगर आहे असलं काही लिहू नकोस.

सुष्मिता


बेंगळुरू
२ ऑक्टोबर २००२

आक्का,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसलो आणि चार कागद फाडले. सरळच सांगतो.

बाळासो काकांनी दिलेल्या माहितीत मुलींच्याही अपेक्षा होत्या. पहिलं टेबल मी तसंच केलं होतं, अपेक्षेचा रकाना दोन्हीकडं ठेवून. पण मुलींकडं रंग आणि पोटजात धरून इतके रकाने झाले की टेबल स्क्रीनच्या बाहेर गेलं. कॅफेतल्या साध्या मॉनिटरवर शेवटचा रकाना बघायला पान बाजूला सरकवावं लागायचं. मी काकांना फोन केला. म्हटलं, एक रकाना कमी करावा लागेल, कुठला करू? मला वाटलं ते म्हणतील रंग काढ. ते म्हणाले, "मुलींच्या अपेक्षा कोण वाचतंय? ते काढ. त्यातलं महत्त्वाचं असंल ते शेऱ्यात टाक."

एक गोष्ट तुला शांभवी सांगू शकेल. टेबलातला रकाना एका झटक्यात जात नाही. प्रत्येक ओळीत जाऊन ते एकेक घर हातानं काढावं लागतं. म्हणजे प्रत्येक मुलीचं वाक्य माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. 'सासरी राहून बी.एड. पूर्ण करू द्यावं.' 'दारू पिणारा नको, मग शेती कितीही असो.' 'आईला माझ्याजवळ ठेवणार, तिला दुसरं कुणी नाही.' तुझंही वाक्य वाचलं. मला माहीत होतं ते कुणाचं आहे. मी त्यातला 'कोड' उचलून शेऱ्यात ठेवला, साखरपुड्याचं काकांच्या सांगण्यावरून जोडलं, आणि पुढच्या ओळीवर गेलो. तेव्हा काहीच वाटलं नाही, हे सांगायला मला जास्त वाईट वाटतं.

मूळ फाइल माझ्याकडं होती. तुझ्या पत्रानंतर दोन दिवस कॅफेत बसून दोन्ही टेबलं नव्यानं केली. आता दोन्हीकडं तेच रकाने आहेत. रंग आणि पोटजात काढली, जागा झाली. मुलींच्या अपेक्षा त्यांच्या शब्दांत परत आल्या. तुझी ओळ परत लावली आहे, तू सांगितलेल्या शब्दांत. शेऱ्यात काही नाही. नको असेल तर कळव.

मुलग्यांच्या टेबलातही शेरा ठेवलाय. माझ्या ओळीत लिहिलं, 'नोकरी मार्चमध्ये गेली, शोधतो आहे.' पगाराचं घर रिकामं ठेवलं. बाकीच्यांचं मला माहीत नाही, म्हणून तिथं काही लिहिलं नाही.

मंडळाला विचारलेलं नाही. पण लिहिण्याआधी अप्पांना फोन करून नोकरीचं सांगितलं. त्यांनी आधी तारीख विचारली. मग म्हणाले, "मेळाव्याला येऊ नगंस," आणि फोन ठेवला.

अमरेश


कबनूर
२३ ऑक्टोबर २००२

अमरेश,

तू आला नाहीस, म्हणून मेळाव्यात काय झालं ते लिहिते. शांभवी लिहिणार होती, पण ती तुझ्याशी अजून बोलत नाही. मी तिच्याशी बोलते.

बाळासो काकांनी शनिवारी साइटवरून दोन्ही टेबलं मोठ्या कागदांवर छापून घेतली आणि हॉलच्या भिंतीला चिकटवली. वाचली नव्हती. वाचायची गरज त्यांना कधी वाटलीच नसेल. मामा स्टेजवर होते, स्वागताची भाषणं चाललेली. बायका नेहमीप्रमाणं भिंतीपाशी गेल्या आणि तिथंच थांबल्या. मागच्या ओळींतल्या पण उठून गेल्या. भाषण ऐकायला पुरुष तेवढे राहिले.

एक बाई मोठ्यानं म्हणाली, "ह्या एवढ्या पोरांचं शेऱ्याचं घर रिकामं कसं? महांतेशरावांच्या पोराचंच तेवढं भरलंय." तिच्या शेजारची म्हणाली, "बाकीची काय आभाळातनं पडल्यात व्हय?" तेवढ्यात काका धावत आले आणि भिंतीवरचा मुलींचा कागद ओढायला लागले. माझ्या नावाच्या खालून तो फाटला. मामा माइकवर म्हणाले, "छपाईत चूक झालीय, दुरुस्त करू, सगळ्यांनी जागेवर बसा."

मी स्टेजवर गेले. तिथं जायचं असं काही ठरवलं नव्हतं. माइक मामांच्या हातात होता, तो मागितला. त्यांनी दिला नाही. म्हणाले, "सुष्मिता, खाली बस. घरातलं घरात बोलू." मी म्हटलं, "बसणार न्हाय, मामा. घरातलं तुम्हीच भिंतीवर लावलंय." मग माइकशिवाय बोलले. दुसरीचा वर्ग सांभाळते, आवाज हॉलभर पोचतो. म्हटलं, ही चूक नाही. त्या कागदावर आहे ते आम्ही पोरींनी स्वतः येऊन सांगितलं होतं. ते तुम्ही काढून टाकलं आणि आमचे डाग तेवढे ठेवले. मग हात वर करून मनगट दाखवलं आणि माझी अपेक्षा सांगितली, तुला लिहिली होती तीच.

काका म्हणाले, "पोरी अशा अटी घालाय लागल्या तर लग्नं जमायची कशी?" मागं काही पुरुष हसले. तेव्हा भिंतीपाशी उभी असलेली एक बारकी मुलगी म्हणाली, "ते बी.एड.चं माझं हाय." तिची आई तिचा हात ओढत होती. तरी तिनं परत सांगितलं. टाळ्याबिळ्या काही झाल्या नाहीत. पण कुणी जागेवर जाऊन बसलंही नाही. शेवटी मामांनी मेळावा संपल्याचं सांगितलं आणि जेवणं सुरू झाली.

पंक्तीत एक बाई माझ्याजवळ आली. मुलगा सूतगिरणीत आहे म्हणाली. "आमची काय तक्रार न्हाय गं, आम्ही चालवून घिऊ." मी म्हटलं, "चालवून घ्यायला मी जुनी लूना हाय व्हय?" अव्वानं कपाळावर हात मारला. मामांचं नि आमचं येणंजाणं आता बंद आहे. अव्वाला भाऊ एकच. त्याचं मला वाईट वाटतं, पण मी जाऊन माफी मागणार नाही.

शाळेचं सांगायचं राहिलं. दाखला आणणार नाही, हे मी सोमवारी हेडमास्तरांना सांगितलं. म्हटलं, वर्गावर जाऊ नका असं लेखी द्या, मग मी वर दाखवते. ते म्हणाले, लेखी कसं देऊ, बाई. मी तांदळाची वही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि वर्गात गेले. ज्या मुलाला काढलं त्याची जागा मोकळीच आहे. बाकीच्यांनी पाढे कुठवर आले ते सांगितलं. पुढं काय होईल माहीत नाही. अजून तरी मला कुणी बाहेर बोलावलेलं नाही.

तुझ्यावरचा माझा राग गेला, असं समजू नकोस. टेबल नीट केलंस ते बरं केलंस. पण माझं वाक्य तू वाचलं होतंस, आणि वाचूनही पुढच्या ओळीवर गेलास. ते मला अजून सोडत नाही. नोकरीचं कळव.

काल मंडळानं साइट बंद केली. पुस्तिका पूर्वीसारखी निघणार, शेऱ्यासकट. आज दुपारी त्या बी.एड.वाल्या मुलीचा शांभवीच्या क्लासवर फोन आला होता. तिला तिची ओळ परत लावायची आहे, मंडळाची नसेना, दुसरी कुठली जागा असली तरी चालेल. आणखी दोघी तिच्याबरोबर आहेत. शांभवी म्हणते, जागा ती बघेल, टेबलही तिच्या पोरी करतील. पण सगळ्यांचे शब्द फक्त तुझ्याकडं आहेत.

तुझ्या पत्रात पानभर माफी असेल तर ती पाठवू नकोस. फाइल पाठव.

सुष्मिता